शेवाळाची शेती : हिशेब आधी, सही नंतर



विहिरीच्या पायरीवर शेवाळ असते. पाय घसरतो. मग आपण त्याला शिव्या देतो. गुरांच्या हौदात ते वाढते. आपण खराट्याने घासून काढतो. शेततळ्याचे पाणी हिरवे झाले आणि ठिबकच्या नळ्या तुंबल्या, की आपण कपाळाला हात लावतो.

असल्या शेवाळाची कोणी मुद्दाम शेती करील काय? होय, करतात. ते वाळवून खातात. त्याची भुकटी विकतात. त्यापासून मोटारीचे इंधनही करून पाहिले आहे. आणि याच शेवाळापायी आपल्या भागातले एक कष्टाळू घर कर्जात बुडाले. त्यात थोडा दोष आमचाही होता. म्हणून आजच्या वर्गात हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

शेवाळ म्हणजे काय?

ज्वारीचे ताट काय करते? पानाने ऊन घेते. हवेतून कर्बवायू घेते. मुळाने पाणी घेते. त्यातून दाणा आणि कडबा तयार होतो. शेवाळही तेच काम करते. फरक एवढाच, की त्याला मूळ नाही, खोड नाही, कणीस नाही. सगळे अंगच पान. त्यामुळे ते भराभर वाढते. ज्वारीला चार महिने लागतात. चांगले ऊन आणि चांगले खाद्य मिळाले, तर काही शेवाळ दोन-चार दिवसांत दुप्पट होते.

शेवाळाच्या जाती हजारो आहेत. काही इतक्या बारीक, की डोळ्यांना एकटी दिसत नाहीत. पाणी हिरवे दिसते, तेवढेच. काही समुद्रात वाढतात आणि झाडाएवढ्या लांब होतात. दुकानात ‘चायना ग्रास’ मिळते. ते दुधात शिजवून थंड केले, की थापलेल्या वडीसारखे घट्ट होते. ते गवत नव्हे. ते समुद्रातील शेवाळापासून करतात. म्हणजे शेवाळ आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात अगोदरच जाऊन आले आहे!

आपल्या शेजारचे लोणार

मंठ्यावरून पुढे गेले, की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार लागते. तिथले मोठे तळे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. विष्णूने लवणासुराला तिथे मारले, अशी कथा सांगतात. शास्त्रज्ञ सांगतात, की आकाशातून उल्का पडली आणि काळ्या खडकात हा खड्डा झाला. खड्ड्याची रुंदी सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे. त्याचे पाणी खारट आहे आणि त्यात सोडा आहे. पूर्वी लोक त्यातून क्षार काढीत.

या पाण्यावर पीक येत नाही. पण एक शेवाळ तिथे सुखाने वाढते. त्याचे नाव स्पिरुलिना. भिंगाखाली पाहिले, तर ते स्प्रिंगसारखे वळलेले बारीक धागे दिसतात. शास्त्रज्ञ त्याला खरे तर जिवाणूंच्या कुळात घालतात. पण व्यवहारात सगळे त्याला निळे-हिरवे शेवाळच म्हणतात.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते. लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. खारट पाण्यात राहणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. कोप वगैरे काही नव्हता. हे तळे अभयारण्यात आहे. तिथले पाणी किंवा शेवाळ आणू नये.

आफ्रिका खंडात चाड नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या बाया हेच शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या गोळा करतात. पाणी गाळतात, चोथा वाळूवर पसरून वाळवतात, त्याच्या वड्या पाडतात. त्या वड्या बाजारात विकतात आणि कालवणात घालतात. तेव्हा शेवाळ खाणे ही काही नवी टूम नव्हे.

हौदातले पीक

स्पिरुलिनाची शेती हौदात करतात. हौद वीतभरच खोल. पाण्यात खाण्याचा सोडा, मीठ आणि काही खते घालतात. सोडा कशासाठी? त्या पाण्यात दुसरे तण सहसा वाढत नाही म्हणून. म्हणजे आपण अंगणात छोटे लोणारच करतो. मग त्यात स्पिरुलिनाचे विरजण सोडतात. पाणी दिवसातून अनेकदा ढवळतात. नाही तर वरच्याला ऊन मिळते आणि खालचे उपाशी राहते.

पाणी गर्द हिरवे झाले, की ते बारीक फडक्यातून गाळतात. फडक्यावर हिरवा लगदा उरतो. तो दाबून पाणी काढतात. मग सोऱ्यातून शेवया पाडाव्यात तशा शेवया पाडून त्या वाळवतात. वाळलेल्या शेवयांची भुकटी करतात.

ही भुकटी पौष्टिक आहे यात शंका नाही. तिच्या वजनात शंभरात पन्नास ते सत्तर भाग प्रथिने असतात. डाळीत बावीस ते पंचवीस भाग असतात. तमिळनाडूत मोठमोठ्या तळ्यांत स्पिरुलिना पिकवून परदेशी पाठवतात. तिच्यातून निघणारा निळा रंग मिठाईत घालतात.

इथवर ऐकले, की वाटते : उद्याच हौद बांधावा! आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यालाही तसेच वाटले.

आम्ही काय चूक केली

तीन वर्षांमागची गोष्ट. नाव सांगत नाही. हा विद्यार्थी मोठा कष्टाळू. चार एकर कोरडवाहू जमीन, दोन जनावरे, दोन मुले. त्याच्याकडे जीपगाडीतून एक माणूस आला. म्हणाला, “बियाणे आमचे, शिकवणार आम्ही, माल उचलणार आम्ही. किलोचा भाव आजच लिहून देतो. भुकटी उरलीच, तर तिचं डिझेल काढू. तोटा नाहीच.”

तो कागद घेऊन तो आमच्याकडे आला. “गुरुजी, मला कुठं वाचता येतं नीट? तुम्ही वाचा. तुम्ही म्हणाल तसं.”

शाळेत असताना त्याने चौथीनंतर नाव काढले होते. सोबत त्याची बायको होती. तिला तर अक्षरओळखही नव्हती.

आम्ही पहिले पान वाचले. छपाई सुबक. भाषा शुद्ध. शिक्का मोठा. दुसरे पान बारीक अक्षरांत होते. संध्याकाळ झाली होती. वीज गेली होती. चष्मा काढून आम्ही म्हणालो, “चांगले दिसते. कर सही.”

त्याने सही केली. पतपेढीचे कर्ज काढले. बायकोचे डोरले गहाण पडले. गुंठाभर हौद झाले.

माघ-फाल्गुनात पीक छान आले. चैत्र-वैशाखात पाणी तापले, विहीर आटली. टँकर विकत घेतला. शेवाळ पिवळे पडले. एके दिवशी हौदाला घाण वास सुटला. त्याआधी जी भुकटी झाली होती ती पाठवली. उत्तर आले, की माल ओला आहे आणि त्यात धूळ आहे. घेता येत नाही. मग फोनही कोणी उचलेना.

तेव्हा आम्ही दुसरे पान वाचले. तिथे लिहिले होते : माल आमच्या तपासणीत उतरला तरच घेऊ. बियाण्याचे व शिकवणीचे पैसे कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत. आणि डिझेलचा त्यात एक शब्दही नव्हता.

त्याची बायको आम्हाला म्हणाली, “गुरुजी, आम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्हाला तर येत होतं ना?”

मंडळी, छत्तीस वर्षे आम्ही मुलांना वाचायला शिकवले. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही.

ती बाई आज या वर्गात पहिल्या ओळीत बसली आहे. तिला विचारूनच आम्ही हे सांगत आहोत.

पाटीवरचे गणित

आम्ही तेव्हा जे गणित मांडायला हवे होते, ते आज मांडू. पाट्या घ्या.

एक गुंठा म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. त्यात वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर पाणी भरले, तर ते किती? २०,००० लिटर.

एका लिटरला सोडा किती? कमीत कमी ८ ग्रॅम. काही कृतींत १६ ग्रॅम. म्हणजे गुंठ्याला १६० ते ३२० किलो सोडा. हा फक्त पहिल्या भरणीचा. खते निराळी.

आता उत्पन्न. हंगाम चांगला असेल, तर एका चौरस मीटरला दिवसाला ५ ते ८ ग्रॅम सुकी भुकटी निघते. गुंठ्याला झाली ५०० ते ८०० ग्रॅम. पण हे चांगल्या दिवसांचे. स्पिरुलिनाला ३० ते ३५ अंश उष्णता मानवते. आपल्याकडे वैशाखात चाळिशी ओलांडते. पौषातल्या थंडीत वाढ मंदावते. श्रावणात ढग असतात. म्हणून वर्षाचे ३६५ दिवस धरून गुणाकार करू नका. जीपवाल्याने तोच केला होता.

आता पाण्याचे पाहू. आपल्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारे एक सेंटीमीटरने उतरते. कधी जास्तच. गुंठ्यावर एक सेंटीमीटर म्हणजे १,००० लिटर. फार झाले तर पाऊण किलो भुकटी, आणि त्यासाठी रोज हजार लिटर पाणी हवेत! वर सावलीचे जाळे घातले तर हे कमी होते, पण थांबत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हे विसरू नका. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही, त्याने उन्हाळ्यात हे पीक धरू नये.

आणखी एक धोका आहे. हौदातले सोड्याचे पाणी शेतात सोडू नका. त्याने काळी जमीन चोपण होते. पाऊस पडला की चिखल, वाळली की दगड. ती सुधारायला वर्षे जातात.

पौष्टिकपणाचेही एक गणित आहे. माणूस दिवसाला भुकटी खातो ती चमचाभर, ५ ग्रॅम. तिच्यात प्रथिने सुमारे ३ ग्रॅम. एक मूठ फुटाणे, म्हणजे ३० ग्रॅम, खाल्ले तर ६ ग्रॅम मिळतात. तेव्हा लेकराच्या हातावरचे फुटाणे काढून त्याला महाग गोळी देऊ नका. स्पिरुलिनात ब-१२ जीवनसत्त्व भरपूर असते असे सांगतात. त्यातले बहुतेक माणसाच्या अंगी लागत नाही. आणि विहिरीतले, डबक्यातले शेवाळ कधीही खाऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. तसले पाणी पिऊन जनावरेही दगावतात.

शेवाळाचे डिझेल

आता डिझेलची गोष्ट. ती अगदी खोटी नाही. म्हणूनच ती फसवते.

जमिनीखालून जे खनिज तेल निघते, ते मुळात पुष्कळसे शेवाळाचेच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले बारीक जीव मेले, गाळाखाली दबले, तापले आणि त्यांचे तेल झाले. मग आजच्या शेवाळाचे तेल का काढू नये? विचार बरोबर आहे. भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेवाळापासून इंधन करून त्यावर मोटार चालवून दाखवली.

पण होणे वेगळे आणि परवडणे वेगळे.

पहिली गोष्ट, स्पिरुलिनात तेल फार थोडे. तेलाच्या जाती निराळ्या. त्यांत शंभराला वीस-पंचवीस भाग तेल धरू. गुंठ्याला दिवसाला ८०० ग्रॅम शेवाळ निघाले, असे मानू. तेल झाले १६० ते २०० ग्रॅम. त्यात कंदील पेटेल, ट्रॅक्टर नव्हे.

दुसरी गोष्ट गाळण्याची. तळ्यातल्या एक लिटर पाण्यात सुके शेवाळ भरते अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे अर्धा-एक किलो मिळवायला हजार लिटर पाणी गाळायचे. स्पिरुलिनाचे धागे फडक्यावर अडकतात. तेलाच्या पुष्कळ जाती इतक्या बारीक, की त्या फडक्यातून निघून जातात. त्यांना यंत्र लागते. यंत्राला वीज लागते. मिळालेल्या तेलाचा मोठा वाटा यंत्रच खाते.

१९७३ मध्ये जगात तेल एकदम महागले. मग अमेरिकेच्या सरकारने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे या कामावर संशोधन केले. निष्कर्ष निघाला : तेल निघते, पण खनिज तेलापेक्षा फार महाग पडते. पुढे २००९ मध्ये एक्झॉनमोबिल या बलाढ्य तेल कंपनीने हेच काम हाती घेतले. कोट्यवधी डॉलर घातले. २०२३ च्या सुमारास तिनेही अंग काढून घेतले.

ज्यांच्या खिशात समुद्र आहे ते थकले, तिथे आपण डोरले गहाण ठेवावे काय?

आपल्याकडे मोगली एरंडाचे असेच झाले. २००३ नंतर त्याच्या डिझेलचा फार बोलबाला झाला. पाण्यावाचून, खतावाचून बियांचे ढीग लागतील असे सांगितले. झाड जगले, पण बी पुरेसे धरले नाही. आज कित्येक ठिकाणी ते नुसते कुंपणाला उभे आहे.

संशोधन चालू राहावे. पुढेमागे मार्ग निघेलही. पण तो प्रयोग संस्थांनी आणि सरकारने करावा. गरिबाच्या कर्जावर करू नये.

मग आपण काय करावे?

शेवाळाचा उपयोग आपल्याला नाहीच काय? आहे. घरच्या घरी आहे.

अझोला नावाची एक पाणवनस्पती आहे. ती स्वतः शेवाळ नव्हे. पण तिच्या पानाच्या पोकळीत निळे-हिरवे शेवाळ भाडेकरू म्हणून राहते. ते हवेतला नत्र धरून तिला देते. घरभाडेच म्हणा! त्यामुळे अझोल्यात प्रथिने चांगली असतात. गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या तो खातात.

कृती सोपी आहे. झाडाच्या सावलीत दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर खोल खड्डा करा. त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरा. दहा-पंधरा किलो चाळलेली माती पसरा. दोन किलो शेण पाण्यात कालवून घाला. मूठभर सुपर फॉस्फेट टाका. चार बोटे पाणी ठेवा आणि अर्धा-एक किलो अझोला सोडा. दहा-पंधरा दिवसांत खड्डा भरतो. मग रोज सुमारे अर्धा किलो काढता येतो. शेणाचा वास जाईपर्यंत धुवा, आणि पेंडीत मिसळून जनावरांना द्या. प्रथम थोडा द्या. जनावराला चव लागावी लागते.

यात श्रीमंती नाही. ओल्या अझोल्यात बहुतेक पाणीच असते. पेंड पूर्ण बंद होणार नाही, थोडी वाचेल. पण खड्ड्याला पाणी थोडे लागते, कर्ज लागत नाही, आणि बुडाला तर दोन किलो शेणच बुडाले. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे जाऊन विचारा.

ज्याला स्पिरुलिनाच करायची असेल, त्यानेही करावी. पण प्रथम एका टाकीत करावी. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहावा. खाण्याची वस्तू विकायला अन्न सुरक्षेचा परवाना लागतो, तो आधी समजून घ्यावा. आणि विकत घेणारा पहिल्यांदा शोधावा. पीक मागून.

सहीपूर्वीचे पाच प्रश्न

कोणी शेवाळ सांगो, कोंबड्या सांगो, की चंदन सांगो. सहीपूर्वी पाच प्रश्न विचारा.

१. माल घेतला नाही, तर माझे पैसे कोण देणार? ते कुठल्या ओळीत लिहिले आहे?

२. मालाची तपासणी कोण करणार? विकत घेणाराच, की तिसरा कोणी?

३. हा माणूस पैसे माल विकून मिळवतो, की मला बियाणे विकून?

४. माझ्याआधी ज्यांनी हे केले, त्यांच्या घरी मी जाऊन आलो काय?

५. शेवटच्या पानावरचे शेवटचे अक्षर मी स्वतः वाचले काय?

“आज नाही, उद्या सही करतो,” असे म्हणा. खरा व्यापारी उद्यापर्यंत थांबतो.

शेवटी त्या घराचे सांगतो. म्हैस विकून त्यांनी कर्जाचा काही भाग फेडला. उरलेले हप्ते चालू आहेत. डोरले अजून सुटलेले नाही. हौदाचा प्लॅस्टिकचा कागद कापून त्यांनी अझोल्याचे दोन खड्डे केले आहेत. त्यावर चार शेळ्यांना जोड मिळते. नवरा म्हणतो, “गुरुजी, शेवाळाचा दोष नव्हता. घाईचा होता.”

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे पुन्हा एक माणूस कागद घेऊन आला. या वेळी तो कागद आमच्याकडे आला नाही. बाईने कंदिलाजवळ बसून, अक्षरावर बोट ठेवून, तो स्वतः वाचला. दोन पाने वाचायला तिला दीड तास लागला. मग तिने तो परत दिला.

मंडळी, तो दीड तास तुम्हीही काढत जा. आता पाटी घ्या. आपापल्या हौदाचे, नाही तर खड्ड्याचे गणित मांडा.